दुवानच्या हयातीचा दाखला

नातागाइमा, ११ फेब्रुवारी २०२५

चि. रुबिएल,

आशीर्वाद. मी तुझ्या आईची मामेबहीण एदेल्मिरा. लहानपणी माझ्या अंगणातले आंबे तू दोन्ही खिशांत भरून न्यायचास, तीच. आता तू निवृत्त कॅप्टन आहेस, बोगोटात कंपनीच्या काचेच्या इमारतीत बसतोस आणि आंब्यांऐवजी माणसं भरून नेतोस.

नोव्हेंबरात तू माझ्या दुवानला आखातात पाठवलंस. पंधरा वर्षं फौजेच्या मुदपाकखान्यात राबून पेन्शनीत आलेला माझा मुलगा. तू म्हणालास, तिथल्या तेलाच्या कोठारावर आपले दोनशे माजी सैनिक पहाऱ्याला आहेत, त्यांना तिथलं जेवण घशाखाली उतरत नाही, आपल्या पद्धतीचा घेवडा-भात आणि केळ्याचे काप करणारा कोणीतरी हवा. तू लिहून दिलं होतंस की दुवान स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. ती चिठ्ठी माझ्यापाशी आहे.

६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्याचा फोन आला. हळू बोलत होता. "आई, आम्हाला विमानाने भलत्याच देशात आणलंय. इथे तेलबिल काही नाही, नुसती वाळू आणि लढाई. आता फोन काढून घेतायत." मागून कोणीतरी आपल्याच बोलीत शिवी दिली आणि फोन बंद झाला. त्याला आज पाच आठवडे झाले.

तुला मी फोन केले. तीनदा तू म्हणालास, "मावशी, काळजी करू नका, सगळं उत्तम आहे." चौथ्यांदा तुझ्या सेक्रेटरीने सांगितलं की साहेब बैठकीत आहेत. म्हणून हे पत्र. मी एकतीस वर्षं नोटरीच्या कचेरीत टंकलेखन केलं आहे. तोंडाने बोललेलं लोक दुसऱ्या दिवशी कसं विसरतात ते रोज पाहिलं आहे.

मला एवढंच विचारायचं आहे की माझा मुलगा कुठे आहे. उत्तर कागदावर लिही आणि बसच्या ड्रायव्हरकडे दे. इथल्या पार्सलच्या खिडकीवरून मी घेईन.

एदेल्मिरा मावशी


बोगोटा, १९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय एदेल्मिरा मावशी,

सादर नमस्कार. आपले पत्र मिळाले. एका आईची भावना कंपनी पूर्णपणे समजू शकते.

सर्वप्रथम आनंदाची बातमी. दुवानची कामगिरी पाहून त्याला बढती देण्यात आली आहे. तो आता 'आघाडी सेवा समन्वयक' या पदावर आहे. या पदावरील सहकाऱ्यांना आमच्या ग्राहकाच्या गोपनीयतेच्या धोरणानुसार काही काळ बाहेर संपर्क ठेवता येत नाही. त्याचे ठिकाण मी सांगू शकत नाही, मात्र ते सुरक्षित आहे याची खात्री बाळगावी.

एक नम्र विनंती. आपण 'लढाई' हा शब्द वापरला आहे. आम्ही लढाई करत नाही, मावशी. अस्थिर परिसरातील मालमत्तेला संरक्षण देणे ही आमची सेवा आहे. असे शब्द बाजारात, चर्चमध्ये बोलले गेले तर तिथे असलेल्या आपल्याच मुलांची अडचण होते.

आपली नात साराय हिच्यासाठी कंपनीची टोपी आणि नव्या वर्षाचे कॅलेंडर पाठवत आहे. आईकडून तुमची खुशाली कळत असते.

आपला,
रुबिएल लोसादा
विभागप्रमुख, मनुष्यबळ


नातागाइमा, २७ फेब्रुवारी २०२५

चि. रुबिएल,

टोपी मिळाली. सारायच्या नाकापर्यंत येते, म्हणून कुत्र्याला घातली. तोही काढून टाकतो. कॅलेंडरमध्ये बारा महिन्यांचे बारा बंदूकवाले आहेत आणि बाराही जण दात दाखवतायत. दुवानला तुम्ही कुठल्या महिन्यात छापणार आहात?

'आघाडी सेवा समन्वयक' म्हणजे काय ते मी गावात विचारत फिरले. पाद्रीबाबांना कळलं नाही, शाळेच्या मुख्याध्यापकांनाही कळलं नाही. कोपऱ्यावरचे डॉन एवेलियो पंचवीस वर्षं सार्जंट होते. त्यांनी चष्मा लावून तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "एदेल्मिराबाई, यातला 'आघाडी' हा शब्द तेवढा खरा दिसतोय. बाकीचा कापूस आहे." मग मला बसायला खुर्ची दिली. स्वयंपाक्याला बढती द्यायची तर मोठं पातेलं देतात रे, हे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही ठाऊक आहे.

तुझ्या भाषेचं मात्र कौतुक वाटतं. खून करणाऱ्यांनाही नोटरीसमोर इतकं गुळगुळीत बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आता कामाचं. पेन्शन कचेरीचं पत्र आलं आहे. परदेशी असलेल्या पेन्शनराने ३० एप्रिलच्या आत हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर पेन्शन थांबते. सारायची आई माद्रिदला लोकांची घरं पुसते आणि जमेल तेव्हा पाठवते. मुलीची शाळा दुवानच्या पेन्शनवर चालते. दाखल्यावर त्याची सही हवी, बोटाचा ठसा हवा आणि ते समोर पाहिल्याची कोणा अधिकाऱ्याची सही हवी. अधिकारी तुमच्याकडे पोत्याने असतील. कोरा फॉर्म सोबत जोडला आहे.

बढती तुमच्याकडेच ठेवा. त्याचं ठिकाणही सांगू नकोस. जिवंत माणसाला शाईत बोट बुडवून कागदावर टेकवायला किती वेळ लागतो? तेवढं कर, रुबिएल. मी तुझ्या पाया पडायलाही तयार आहे, आणि हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटतेय.

एदेल्मिरा मावशी


बोगोटा, २२ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

उशिराबद्दल क्षमस्व. कागद तिथपर्यंत जाऊन परत येईपर्यंत वेळ लागला. पण घ्या, तुमच्या मुलाच्या हयातीचा दाखला. ९ एप्रिल रोजी तळावर, अधिकाऱ्यासमक्ष, सही आणि ठशासह. तुम्हाला हेलपाटा नको म्हणून याची एक मूळ प्रत मी परस्पर पेन्शन कचेरीत दाखल केली आणि पोच घेतली. पेन्शन अखंड चालू राहील.

दुवानने निरोप दिला आहे की तो मजेत आहे आणि तुमच्या हातच्या, केळीच्या पानात उकडलेल्या तामालची आठवण काढतो. आता तरी हसाल ना?

आई सांगत होती की तुम्ही इतर मुलांच्या घरच्यांना एकत्र बोलावता, गावच्या रेडिओवरही बोललात. आता ते थांबवावं. पुरावा तुमच्या हातात आहे.

तुमचाच,
रुबिएल


नातागाइमा, ३ मे २०२५

रुबिएल,

तुझं पाकीट मी पार्सलच्या खिडकीवरच फोडलं. सही पाहिली, ठसा पाहिला आणि तिथल्या तिथे खाली बसले. खिडकीवरच्या बाईने पाणी आणून दिलं. मी त्या ठशाचे मुके घेतले. घरी येऊन मोठ्या पातेल्यात ओटचं सरबत केलं आणि सगळ्या गल्लीला पाजलं. डॉन एवेलियोंनी दोन पेले घेतले. तू खोटारडा नाहीस असं मी चारचौघांत बोलले. ते शब्द मी आता परत घेते.

संध्याकाळी साराय शाळेतून आली. तिला आता वाचता येतं, दिसेल ते मोठ्याने वाचते. ठशाच्या चौकटीखाली छापलेलं तिने वाचलं, "उजवी तर्जनी." मग मला विचारलं, "आजी, बाबांना नवीन बोट आलं का?"

दुवानला उजवी तर्जनी नाही. सहा वर्षांपूर्वी छावणीच्या मुदपाकखान्यात मांस दळायच्या यंत्रात ती गेली. त्यापायीच त्याला लवकर पेन्शन मिळाली. त्याच्या ओळखपत्रावर डाव्या हाताचा ठसा आहे, तुमच्या करारावरही त्याने डाव्याचाच दिला असणार. हे नातागाइमात खाटकापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. फक्त ज्याने त्याला नेलं त्याला माहीत नाही. भरतीच्या वेळचं, तुझ्या सहीचं वैद्यकीय प्रमाणपत्र मी कपाटातून काढून पाहिलं. त्यात लिहिलं आहे, 'दोन्ही हात निर्दोष.' शेकड्याने माणसं घेताना हात कोण बघत बसतो? आपल्या देशात जिथे तिथे उजवी तर्जनी टेकवायची सवय, त्या सवयीने कोणीतरी ती टेकवली.

आणि मी, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या ठशांखाली नावं टंकणारी बाई, तो कागद छातीशी धरून बसले होते. तू मला किती सहज फसवलंस याचा मला तुझ्यावर येतो तेवढाच स्वतःवरही राग येतो.

दुवान जिवंत असता तर त्याने स्वतःचं बोट दिलं असतं. त्याचं बोट मिळत नव्हतं म्हणून दुसऱ्याचं घेतलंत. याचा अर्थ मला कळला आहे. तो तुझ्या तोंडून मला ऐकायचा आहे.

एदेल्मिरा


बोगोटा, १० मे २०२५

मावशी,

हे पत्र मी घरून लिहितो आहे, कंपनीकडून नाही. झाली ती लेखनिकाची चूक आहे. दुसऱ्याच्या कागदावरचा ठसा इकडे आला असावा, मी चौकशी लावली आहे. कृपा करून तो दाखला कोणाला दाखवू नका.

दुवानला काही झालं आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण समजा, निव्वळ समजा, काही असलंच, तरी तुम्ही शांतपणे विचार करा. सरकारदरबारी तो हयात आहे. तो कागदावर हयात आहे तोवर पेन्शन येईल, सारायची शाळा चालेल. कंपनीचा मदतनिधीही आहे, त्यासाठी एका साध्या पत्रावर सही करावी लागते की कुटुंबाची काही तक्रार नाही. तुमच्या हट्टाने कोणाचं भलं होणार आहे?

रुबिएल


नातागाइमा, १६ मे २०२५

रुबिएल,

मेलेल्या माणसाला तुम्ही नोकरीवर ठेवता हे मला माहीत नव्हतं. आता त्याने पेन्शनही कमवायची म्हणतोस. उद्या आणखी एक बढतीही देशील.

माझ्या हट्टाबद्दल विचारलंस म्हणून सांगते. मी नोंदणी कचेरीत मृत्यूची नोंद करायला गेले होते. तिथल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमचा मुलगा तर ९ एप्रिलला हयात होता. सरकारकडे दाखला आहे." मी म्हटलं, तो दाखला खोटा आहे. ती म्हणाली, "मग ज्याने दिला त्याने येऊन तसं सांगावं." वर माझी समजूत घातली की आईचं मन वाईटच चिंततं.

घरात मी वेदी मांडली आहे. पांढरी चादर, सात पायऱ्या, वर त्याचा गणवेशातला फोटो. बोगोटात राहून तू विसरला नसशील तर आठव, माणूस गेला की नऊ संध्याकाळी जपमाळ म्हणायची, नवव्या संध्याकाळी एकेक पायरी उतरवायची, मग तो सुटतो. मी नऊ कुठून मोजू? शेजारणी बिचाऱ्या रोज येतात. आज तेरावी संध्याकाळ आहे. आणखी किती दिवस, हे विचारणं त्यांनी कालपासून सोडलं आहे. चादर धुवायला काढायचीसुद्धा मला भीती वाटते. माझा मुलगा धड जिवंत नाही आणि धड मेलेला नाही, आणि हे तू तुझ्या टेबलावर बसून केलंस.

मला तुझा निधी नको. मला दिवस हवा. कुठल्या दिवशी गेला, कसा गेला, कुठे पुरला, कोणी पाहिलं. तुझ्या हातच्या अक्षरात, खाली तुझी सही. ते दे, मी तुझा दाखला फाडून टाकते.

एदेल्मिरा


बोगोटा, २९ मे २०२५

मावशी,

हे माझ्या हाताने लिहितो आहे. शपथेवर सांगतो की यात काही लपवलेलं नाही.

दुवान १७ जानेवारीला गेला, शुक्रवारी, दुपारी. मला २० तारखेला कळलं. तुम्ही पहिलं पत्र लिहिलंत तेव्हा मला माहीत होतं.

तिथे एका शहराला वेढा आहे. त्या आठवड्यात आपल्या तुकडीतले एकोणीस जण पडले. ग्राहकाला करारातली संख्या भरून हवी होती. वरून आदेश आला की स्वयंपाकी आणि ड्रायव्हर यांनाही रायफल द्या. तो आदेश माझ्या संगणकावरून पुढे गेला, मावशी. मी नुसतं बटण दाबलं.

बाकीचं मला तुमचं बोटाबद्दलचं पत्र आल्यावर कळलं. त्याच्याबरोबर असलेला, आपल्या शेजारच्या कोयाइमा गावचा एक जण परत आला आहे, त्याला मी विचारलं. दुवानने तिथल्या प्रशिक्षकाला हात दाखवला आणि म्हणाला, मला चाप ओढता येत नाही. प्रशिक्षक म्हणाला, मधल्या बोटाने ओढ. अर्धा तास शिकवलं आणि दुपारी ट्रकमध्ये चढवलं. ट्रक शहरापर्यंत पोचलाच नाही. वरून ड्रोन आला. सहा जण गेले. त्याला वेदना झाल्या नाहीत.

कोयाइमाच्या माणसाने आणि इतरांनी त्याला कोरड्या ओढ्याकाठी बाभळीखाली पुरलं, प्रार्थना म्हटली. त्याने नकाशा काढून दिला आहे, सोबत पाठवतो. कंपनीच्या नोंदीत मात्र असं आहे की 'कर्मचाऱ्याने स्वेच्छेने करार संपवला.' सहाही जणांचं तसंच लिहिलं आहे. त्या देशात परदेशी लढत नाहीत असं ग्राहकाने जगाला सांगितलं आहे, म्हणून तिथे परदेशी मरू शकत नाहीत.

दाखला तळावर गेलाच नव्हता. सही मी करारावरून गिरवली. ठसा माझा आहे. शाईची डबी समोर होती, जेवायला जायची घाई होती.

आता तो फाडून टाका. मला दोन मुलं आहेत. आईला यातलं काही माहीत नाही, तिला सांगू नका.

रुबिएल


नातागाइमा, २४ जून २०२५

रुबिएल,

आज सान हुआनचा सण. बाहेर बँड वाजतोय, चौकात अख्खी डुकरं भाजतायत. मी दार लावून लिहितेय.

दाखला मी फाडला नाही. फाडेन असं लिहिलं होतं, खरं आहे. दुवान स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही असं तूही लिहिलं होतंस. आता दोघांचंही लिहिलेलं सरकारी वकिलांकडे आहे. तुझं पत्र, दाखला, नकाशा, वैद्यकीय प्रमाणपत्र, सगळ्याच्या नकला मी स्वतः करून नेल्या. सरकारकडे प्रत्येकाची दहाही बोटं असतातच. ठसा कोणाचा ते त्यांना तुला न विचारताही कळलं.

१२ जूनला नोंद झाली. मृत्यूची तारीख १७ जानेवारी. आता पेन्शन सारायच्या नावावर व्हायला वेळ लागेल. तोवर तिची आई माद्रिदला आणखी दोन घरं पुसेल आणि मी पुन्हा लोकांचे अर्ज टंकेन. त्याच संध्याकाळपासून मी नऊ मोजल्या. २० तारखेला पायऱ्या उतरवल्या. शेवटची पायरी सारायने उतरवली. त्या रात्री मी पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडले.

वकील म्हणतात, त्याला परत आणायचा अर्ज परराष्ट्र खात्यात पडून राहील, वाट पाहू नका. मी वाट पाहणार आहे.

'त्याला वेदना झाल्या नाहीत' हे एक वाक्य तुझ्या त्या पत्रात मला खोटं वाटलं. तू तिथे नव्हतास. तू जेवायला गेला होतास. बाकीच्या पाच जणांच्या आयांना पत्र लिहिशील तेव्हा ते गाळ. त्यांची नावं कोयाइमाच्या माणसाने मला दिली आहेत. दोघी येऊनही गेल्या. त्यांतल्या एकीपाशीही तू पाठवलेली टोपी आहे.

काल तुझी आई आली होती. पन्नास वर्षं ही बाई माझ्या घरात हाक न मारता शिरायची. काल उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "आत येऊ का?" मी तिला बसवलं, कॉफी दिली. तिचा यात काही दोष नाही हे मला कळतं, तरी तिच्या हाताला हात लावणं मला जमलं नाही.

ती म्हणाली, "एदेल्मिरा, तुझा गेला, आता माझाही घेतेस? त्याला आठ-दहा वर्षं आत टाकतील. मी तोवर असेन की नसेन."

मी म्हटलं, "लिओनोर, तुरुंगात भेटायला येणाऱ्या बायकांसाठी रविवार असतो. ओळखपत्र घेऊन जायचं. सकाळी लवकर गेलं तर रांग लहान असते. दारावरचा शिपाई विचारेल, कोणाला भेटायचंय? तू रुबिएलचं नाव सांगशील. तो यादीत बघेल आणि म्हणेल, आहे. आत जा."

कॉफी गार झाली होती तरी तिने ती संपवली. मग डोळे पुसले आणि विचारलं, रविवारी सकाळी बोगोटाला पोचायचं तर शनिवारी कितीची बस धरावी लागेल.

मी तिला वेळ सांगितली.

एदेल्मिरा